तीन बोटांचा पाय

माझी थोरली बहीण सगुणा घोटीजवळच्या खेड्यात दिलेली. मी तिला आक्का म्हणते. तिचे यजमान नाथा गतीर, म्हणजे आमचे दाजी, घरची भातशेती बघायचे आणि सुगी संपली की घोटीच्या राईस मिलवर कामाला जायचे. लग्नाला सहा वर्षं झाली तरी त्यांना मूल नव्हतं. नव्वद साली भाताच्या आवणीची, रोपं लावण्याची, धांदल चालू असताना आक्काला मुलगी झाली.

नर्सनं बाळ कापडात गुंडाळून दिलं. सगळ्या आया करतात तसं आक्कानं कापड सोडून बोटं मोजली. हाताची दहा भरली, पायाची आठच. डाव्या पायाला तीन बोटं होती, पाऊल बाहेरच्या अंगाला वळलेलं होतं, आणि पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड होता. मी तिथंच उभी होते. आक्का रडली नाही. कापड पुन्हा नीट गुंडाळत म्हणाली, "सवे, ह्यांना आत बोलीव. पर आदुगर तोंड बघू दे, मंग पाय दाखवू."

दाजींनी तोंड बघितलं, मग पाय बघितला. मग ते बाहेर जाऊन पेढे घेऊन आले. नाव मी सुचवलं, हर्षाली.

महिन्याभरानं तिला नाशिकला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरून समजावून सांगितलं. गुडघ्याखाली दोन हाडं असतात, एक जाड आणि एक बारीक. हिचं बारीक हाड तयारच झालेलं नाही. त्यामुळे पाऊल वळलंय, आणि मूल वाढेल तसा दोन्ही पायांतला फरकही वाढत जाईल. आज बोटभर आहे, मोठेपणी वीतभर होईल.

"माझा सल्ला विचाराल तर ती वर्षाची झाली की घोट्यातून पाऊल काढून टाकू," डॉक्टर म्हणाले. "टाच ठेवायची, बाकीचं काढायचं, आणि कृत्रिम पाय लावायचा. एवढी लहान मुलं पटकन चालायला लागतात. पुढं त्यांना आठवतसुद्धा नाही."

"तिला नाय आठवणार," आक्का म्हणाली, "पर मला आठवंल ना."

आक्कानं हर्षालीच्या तळव्यावरून बोट फिरवलं. बाळानं पाय झटकन मागं घेतला.

"बघा, हलतो. गुदगुल्या बी होत्यात. हलता पाय कसा कापू देऊ?"

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "जबरदस्ती नाही. दुसरा रस्ता उंच बुटाचा आणि कॅलिपरचा आहे. पण तो लांबचा रस्ता आहे, हे लक्षात ठेवा."

त्या लांबच्या रस्त्यावर आम्हाला खंडेराव भेटले. जुन्या नाशकात भद्रकालीमागच्या बोळात त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. पोलिओ झालेल्या मुलांचे कॅलिपर ते बनवायचे. पायाच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे आणि खाली बूट. माप घ्यायची त्यांची पद्धत साधी होती. जमिनीवर खाकी कागद पसरायचा, त्यावर मुलाला उभं करायचं आणि पावलाभोवती पेन्सिल फिरवायची. हर्षाली दीड वर्षाची होती. पेन्सिल लागताच ती खिदळायची आणि रेघ वाकडी जायची. खंडेराव दुसरा कागद काढायचे.

पहिला बूट तिच्या मुठीएवढा होता. तळाशी बुचाचा थर लावून उंच केलेला. त्या बुटावर ती चालायला लागली. आवणी होऊन भात पोटरीवर आलं होतं, तेव्हा आक्का तिला बांधावरून चालवत शेतापर्यंत घेऊन गेली आणि येणाऱ्या जाणाऱ्याला थांबवून दाखवत राहिली.

मूल वाढत गेलं आणि बूटही वाढत गेला. दर वर्षी, कधी वर्षातून दोनदा, आक्का तिला घेऊन नाशिकला यायची. मुक्काम माझ्याकडे, इंदिरानगरला. माझे यजमान अंबडच्या कारखान्यात आणि मी घरी ब्लाऊज-ड्रेस शिवते. सकाळी खंडेरावांकडे जायचं, माप द्यायचं आणि आठवड्यानं बूट न्यायला पुन्हा यायचं.

आमच्या त्या भागातला पाऊस ज्यानं बघितलाय त्यालाच त्या बुटाचं दुखणं कळेल. चार महिने काही वाळत म्हणून नाही. चामडं भिजून जड व्हायचं, त्यावर हिरवी बुरशी चढायची आणि पट्ट्यांना गंज लागायचा. आक्का बूट चुलीच्या वर टांगायची. तो वाळायचा, पण तडकायचा. मग दाजी त्याला एरंडेल चोळायचे. पावसाळ्यात हर्षाली वर्गात आली की मुली नाक धरतात, असं तिनं मला एकदा सांगितलं. सांगताना रडली नाही. चिडली होती. "मीपण नाक धरते," म्हणाली, "माझाच वास मला येतो."

ती चिडकीच होती. पोरं मागून "खटखट, खटखट" असं ओरडायची, तेव्हा ती वळून दगड उचलायची. नेमही चांगला होता. शाळेतून तक्रार आली की आक्का तिला चार शब्द सुनावायची आणि जेवायला वाढायची.

आवणीला सगळं घर चिखलात उतरायचं, तेव्हा तिला बांधावर बसून रोपांच्या जुड्या बांधायचं काम असायचं. बूट चिखलात रुतला तर पाय बाहेर यायचा आणि बूट आतच राहायचा. सायकल मात्र तिला छान जमली. दाजींनी डाव्या पायडलवर लाकडाचा ठोकळा बसवून दिला होता. आठवीपासून ती घोटीच्या शाळेत सायकलनं जायला लागली. सायकलवर ती सगळ्या मुलींच्या पुढं असायची. चढावरसुद्धा उतरायची नाही, कारण उतरलं की चालावं लागायचं.

दोन हजारच्या सुमाराला खंडेरावांनी लोखंड सोडलं. पायाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावर तापवलेलं प्लास्टिक ओढून पातळ कवच बनवायचं, असं नवीन काम ते मुंबईला जाऊन शिकून आले होते. हर्षालीचा फरक तोवर बुटानं भरून निघण्यापलीकडे गेला होता. त्यांनी तिच्यासाठी वेगळीच रचना केली. तिचं पाऊल चवड्यावर उभं राहिल्यासारखं खाली वळवून कवचात बसवायचं आणि त्या कवचाच्या तळाला रबराचं पाऊल लावायचं. म्हणजे एकाखाली एक अशी दोन पावलं. वजन निम्म्याहून कमी झालं. पाऊस लागला तर पुसलं की झालं. वास गेला. आक्कानं त्या दिवशी खंडेरावांच्या पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं.

पण कवच घोट्यापाशी फुगीर होतं. आतलं पाऊल तिथं अडकलेलं असायचं ना. त्याला झाकायला मी तिच्या सलवारी घेरदार शिवायची. शाळेत बाकीच्या मुलींच्या चुडीदार असायच्या. "मावशी, मला चुडीदार कधी शिवशील?" असं ती विचारायची आणि मी "शिवू, शिवू" म्हणायची.

दहावी झाल्यावर ती कॉलेजसाठी माझ्याकडेच राहायला आली. हे दोन हजार सहा साल. तेव्हा मला कळलं की वर्षातून दोनदा दिसणारं मूल आणि रोज दिसणारं मूल यांत फरक असतो. बस स्टॉपपर्यंत चालणं, कॉलेजचे जिने, पुन्हा बस. संध्याकाळी ती कवच काढायची, तेव्हा घोट्याच्या हाडावर लाल चट्टा असायचा. दिवाळीपर्यंत त्याची जखम झाली. मलम लावायचं, चार दिवस घरी बसायचं, भरत आली की कवच चढवायचं आणि पुन्हा तेच. कंबरही दुखायला लागली होती. रात्री उशी पायाखाली घेऊन झोपायची. मी विचारलं की म्हणायची, "काही नाही गं, दमलेय."

आम्ही खंडेरावांकडे गेलो. त्यांचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी जखम पाहिली, कवच आतून चाचपलं, आणि खाली ठेवलं.

"इथं घासून मोकळं करून देईन," ते म्हणाले, "पण दोन महिन्यांनी दुसरीकडं लागंल. तुम्ही मुंबई नाक्याला जा. एका संस्थेनं नवीन केंद्र काढलंय. तपासायची मशिनं आलीत. मीपण आठवड्यातनं दोन दिवस तिथंच जातो आता. तृप्ती मॅडम म्हणून आहेत, त्यांना दाखवा."

तृप्ती मॅडम वयानं हर्षालीपेक्षा फार तर आठ-नऊ वर्षांनी मोठी होती. मुंबईला चार वर्षं हेच शिकून आलेली. पहिल्या दिवशी तिनं कवचाला हातच लावला नाही. म्हणाली, "आधी चालून दाखव. घाई नाही."

खोलीत चालून बघायचा एक लांबट पट्टा होता आणि त्याच्या मधोमध जमिनीत बसवलेली काळी पाटी. पाटीवर पाऊल पडलं की कुठं किती भार पडतोय ते कॉम्प्युटरवर रंगांत दिसायचं. जास्त भार तिथं लाल, कमी तिथं निळा. तसाच भार मोजणारा, कागदासारखा पातळ एक पट्टा कवचाच्या आत सरकवला होता. समोर एक कॅमेरा, मागं एक. हर्षाली जाऊन आली, पुन्हा जाऊन आली. मग तृप्तीनं आम्हाला पडद्यासमोर बसवलं.

घोट्यापाशी लालभडक ठिपका होता. नेमका जखमेवर. "हे आपल्याला माहीतच होतं," तृप्ती म्हणाली, "पण हे बघा." उजव्या पावलाचं चित्रही जवळजवळ सगळं लाल होतं. म्हणजे चांगला पाय दोघांचं काम करत होता. "कंबर दुखते ती यामुळे. अजून दहा वर्षांनी हा गुडघा तक्रार करेल."

मग तिनं मागच्या कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं.

आरशात माणूस स्वतःला समोरून बघतो. स्वतःला मागून चालताना कोण बघतं? पडद्यावर हर्षाली चालत होती. प्रत्येक पावलाला खांदा खाली जात होता, कंबर बाहेर फेकली जात होती, डावा पाय अर्धगोल फिरून पुढं येत होता. मला त्यात नवीन काही नव्हतं. आम्ही सगळे सोळा वर्षं तेच बघत होतो. तिनं मात्र पहिल्यांदा बघितलं.

"मी अशी चालते?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, "हो."

"पुन्हा लावा," ती तृप्तीला म्हणाली. तृप्तीनं पुन्हा लावलं. शेवटपर्यंत बघून झाल्यावर हर्षालीनं विचारलं, "आता काय करता येईल?"

तृप्तीनं काही लपवलं नाही आणि काही गळ्यातही मारलं नाही. एक, हेच कवच सुधारून देता येईल, पण पाऊल आत कोंबलेलं असेपर्यंत ते कुठंतरी टोचणारच. दोन, हाड लांबवायचं ऑपरेशन असतं, पायाला बाहेरून कड्या लावून हळूहळू ताणतात. पण हिचा फरक फार मोठा, त्यात घोटाही धड नाही. तीन-चार ऑपरेशनं, कितीतरी वर्षं, आणि शेवटी पाऊल वळलेलं ते वळलेलंच. तीन, टाच ठेवून पाऊल काढणं. "मग सॉकेट, म्हणजे पाय ज्यात बसतो ते कवच, बारीक होतं, आणि खाली जागा मिळाल्यामुळे स्प्रिंगसारखी पट्टी असलेलं पाऊल बसवता येतं. पण हे तुझं तू ठरवायचं. डॉक्टरांशी बोल, घरी बोल. मी ठरवणार नाही."

म्हणजे सोळा वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांचं म्हणणं पुन्हा पुढ्यात आलं होतं.

बाहेरच्या बाकावर एक माणूस पाय जुळवून घ्यायला आला होता. सुरगाण्याकडचा, मंगळू नावाचा. आमचं बोलणं त्यानं ऐकलं असावं. द्राक्षबागेत छाटणीचं काम करायचा. घाटात जीप उलटली तेव्हा त्याचा पाय गुडघ्याखाली गेला होता. त्यानं पँट वर केली, आपला पाय काढला आणि सरळ हर्षालीच्या हातात दिला.

"धरून पाह. किती जड?"

तिनं तोलून पाहिला. "माझ्यापेक्षा हलका आहे."

"यावर मी दिसभर बागंत उभा रहतो."

"तुम्हाला वाईट वाटलं होतं का, पाय गेला तेव्हा?"

"माझा जीपखाली गेला. मला कोनी इचारला नाही, ठेवतोस का देतोस. शुद्ध आली तं पाय नव्हता." पाय परत घेत तो म्हणाला, "तुला इचारतात, म्हणून तुला जड जाईल, बाय. रडायचा आसंल तं आधीच रडून घे."

नंतरचे काही दिवस हर्षालीचं नेहमीसारखं चालू होतं. कॉलेजला जायची, यायची, जेवायची. मग एका रविवारी भाजी निवडता निवडता म्हणाली, "मावशी, आईला बोलावून घे."

आक्का आली. दाजीही आले. हर्षालीनं वळणं न घेता सांगितलं की मला पाऊल काढून घ्यायचंय, परीक्षा झाली की उन्हाळ्यात.

आक्का उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागं गेले तर ओट्याला टेकून उभी होती. "म्या तवा नाय म्हणले," ती म्हणाली, "येवढी वर्सं त्या पायासाठी बूट टांगले, त्याल चोळलं. आन आता हीच म्हणती कापा. मंग म्या काय केलं इतकी वर्सं?"

हर्षाली दारात येऊन उभी होती. तिनं ते ऐकलं.

"आई, तू तेव्हा हो म्हणाली असतीस तर माझा पाय कसा होता हे मला कळलंसुद्धा नसतं. तू नाही म्हणालीस म्हणून तर आज मला विचारतायत. माझा पाय होता, मी सोळा वर्षं वापरला. आता मी सांगतेय."

आक्का त्या दिवशी तिच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दाजी मध्ये पडले नाहीत. फक्त गावी परत निघताना पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुजी आई येईल. दम धर."

माघ सरल्यावर आक्का पुन्हा आली आणि तिनं स्वतःच मला डॉक्टरांकडे चल म्हणून सांगितलं. तिला एकच विचारायचं होतं. "काढलेल्या पायाचं तुमी काय करता?"

डॉक्टर गोंधळले. "त्याची विल्हेवाट लावायची पद्धत असते आमच्याकडे."

"तो मला द्यायचा. मग माझं काय म्हणणं नाय."

डॉक्टरांनी थोडा विचार केला, कुणाशी तरी बोलले, आणि हो म्हणाले.

ऑपरेशन मे महिन्यात झालं. ठरल्याप्रमाणे डॉक्टरांनी टाचेची जाड कातडी राखली आणि ती हाडाखाली गादीसारखी शिवली, म्हणजे पुढं त्यावर भार देता यावा. हर्षाली शुद्धीवर येत होती तेव्हा मी तिच्याजवळ होते. आक्का आणि दाजी संध्याकाळच्या गाडीनं पांढऱ्या कापडात बांधलेलं ते पाऊल घेऊन गावी गेले. नंतर दाजींनी मला सांगितलं, आक्कानं ते पाण्यानं धुतलं, हळद लावली, आणि शेताच्या वरच्या बांधाला खड्डा करून मिठात पुरलं. कुणाला बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात हजर होती, डब्यात तांदळाची पेज घेऊन.

"कुठं ठेवलास?" हर्षालीनं विचारलं.

"वरच्या बांधाला."

"बरं केलंस," हर्षाली म्हणाली आणि पेज प्यायली.

जखम भरायला पावसाळा उजाडला. त्या दिवसांत तिला नसलेल्या पायाला खाज सुटायची. तृप्तीनं आधीच सांगून ठेवलं होतं की असं होतं, मेंदूला पाय गेल्याचं उशिरा कळतं. एकदा तपासायला आली असताना तृप्तीनं विचारलं, "बोटं जाणवतात का अजून?"

"जाणवतात. तिन्ही."

"तीनच?"

"माझी तीनच होती, मॅडम."

तृप्ती हसली, आणि मग हर्षालीही हसली. ऑपरेशननंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं.

आता मापाचीही रीत बदलली होती. खाकी कागद नाही, प्लास्टरचा राडा नाही. केंद्रात नवीनच आलेला, हातात धरायचा एक कॅमेऱ्यासारखा स्कॅनर होता. तृप्तीनं तो पायाभोवती सावकाश फिरवला आणि पडद्यावर हर्षालीचा पाय उमटला, मातीच्या भांड्यासारखा, फिरवून सगळ्या बाजूंनी बघता येईल असा. ते माप पुण्याला पाठवलं की तिथलं मशीन फोमच्या ठोकळ्यातून साचा कोरून द्यायचं आणि त्यावरून सॉकेट बनायचं. पहिलं सॉकेट आलं ते मात्र बसेना. माप घेतलं तेव्हा पायाला थोडी सूज होती, ती मध्यंतरी उतरली होती. सॉकेट सैल झालं आणि चालताना आत पाय वरखाली व्हायला लागला. पूर्वी असं झालं असतं तर पुन्हा साचा, पुन्हा सगळं पहिल्यापासून. तृप्तीनं जुनं माप उघडलं, जिथं सैल होतं तिथं तेवढंच कमी केलं आणि पुन्हा पाठवलं. दुसरं बरोबर बसलं. खंडेराव बाजूला स्टुलावर बसून कडा घासत होते. "हे बरं हाय," ते म्हणाले, "प्लास्टर सांडत नाय."

आम्हाला वाटलं होतं, पाय लागला की पोर चालायला लागेल. तसं झालं नाही. दोन्ही पाय सारखे झाले आणि ती पडायला लागली. सोळा वर्षं अंगाला डावीकडे झुकायची सवय, आणि आता तिथं झुकायला खड्डाच नव्हता. जिन्यावर पाऊल आधीच टेकायचं. "जमीन वर आलीय," असं म्हणायची. तृप्ती पायातले छोटे स्क्रू फिरवून पाऊल जरा आत, जरा बाहेर करायची आणि पुन्हा पाटीवर चालवायची. दर खेपेला रंग थोडे बदलायचे. मधे एकदा हर्षालीनं चिडून पाय कोपऱ्यात फेकला आणि दोन दिवस कुबडीवर कॉलेजला गेली. तिसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन उचलला. दिवाळीच्या आसपास ती रस्त्यानं चालली तर अनोळखी माणूस वळून बघत नव्हता. दमली की अजूनही खांदा जरा खाली जातो. तो जातोच.

मी तिला चुडीदार शिवला. माप घेताना लक्षात आलं, तिची कंबर सरळ झाल्यामुळे कमीजच्या दोन्ही बाजू आता सारख्या उंचीवर येत होत्या. जुने सगळे कपडे एका अंगाला वर शिवलेले होते. ते मी उसवून पुन्हा शिवले. दोन दिवस मशीन त्यातच गेलं.

नव्या पावलाला पाच बोटं होती, रबराची, नखांसकट. आक्कानं ती पहिल्यांदा बघितली तेव्हा एकेक करून मोजली. मग म्हणाली, "आता अंगठ्याची चप्पल घाल." हर्षालीनं मेन रोडला जाऊन घेतली. उंच टाचेचीही एक घेतली, आणि ती घालून केंद्रात गेली तेव्हा तृप्ती रागावली. पाऊल ठरावीक उंचीला जुळवलेलं असतं, टाच उंच झाली की गुडघा पुढं ढकलला जातो. ती चप्पल माझ्या मुलीला मिळाली.

पुढच्या आवणीला ती गावी गेली. हा पाय चिखलात घालायचा नाही अशी ताकीद होती, म्हणून खंडेरावांनी तिला शेतासाठी वेगळा साधा पाय करून दिला होता, खाली रबराचा गोल गट्टू असलेला. तो लावून ती पहिल्यांदा बायकांच्या ओळीत वाकून उभी राहिली. सकाळभर रोपं लावली. दुपारी भाकरी खायला बांधावर आली ती पुन्हा उतरलीच नाही.

"काय गं?" आक्कानं विचारलं.

"मला वाटायचं तुम्ही सगळ्या आत मजा करता आणि मी एकटी बांधावर. यात तर नुसती कंबर मोडते," ती म्हणाली. "आण इकडं जुड्या."

बायका हसून हसून चिखलात बसल्या.

बारावीनंतर ती बाहेरून बी.कॉम. करते आहे आणि दिवसा इंदिरानगरमधल्याच एका कुरिअर ऑफिसमध्ये काम करते. पार्सलं तपासणं, नोंद करणं, फोनवरच्या तक्रारी ऐकणं. चिडकेपणाचा तिथं उपयोग होतो म्हणते. जाण्यायेण्यासाठी तिनं एक जुनी स्कूटी घेतली. मागच्या महिन्यात सकाळी ती बटणावर सुरू होईना, म्हणून हिनं किक मारायला घेतली. किक डाव्या बाजूला, आणि पायही डावा. आठ-दहा लाथांत गाडी सुरू झाली आणि पावलातली पट्टी कडकन तडकली.

तृप्तीनं पाऊल उघडून तडा दाखवला. "याच्यावर चालायचं असतं, लाथा मारायच्या नसतात. तुला सांगितलं नव्हतं का?"

"टाचेच्या चपलेचं सांगितलं होतं. लाथेचं नव्हतं सांगितलं."

नवी पट्टी यायला वेळ लागला. तोवर तृप्तीनं साधं रबरी पाऊल लावून दिलं, आणि हर्षाली त्यावरच कामावर जात राहिली. दाजींना फोनवर सगळं सांगितलं तर त्यांनी पायाची चौकशी केली, मग गाडी कितीची घेतली होती ते विचारलं आणि म्हणाले, बॅटरी बदल. ती तिनं त्याच दिवशी बदलून घेतली होती.